क्षयाची नवी तपासणी आणि थुंकीचा नमुना

क्षयाची शंका आली म्हणजे रुग्णाच्या हाती प्रथम औषध येत नाही, एक रिकामी डबी येते. “उद्या सकाळी थुंकी घेऊन या” एवढेच त्याला सांगितले जाते. पुढे त्याच्या हाती जो कागद पडतो, त्यावर बहुधा दोहोंपैकी एक वाक्य असते: क्षयाचे जंतू आढळले, किंवा आढळले नाहीत. पहिले वाक्य वाचून घरात चिंता पसरते. दुसरे वाचून सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पहिल्या वाक्याविषयी सहसा वाद नसतो. विचार करावयाचा आहे तो दुसऱ्याचा. “आढळले नाहीत” याचा अर्थ छातीत जंतू नाहीत असा नव्हे. त्या डबीतील त्या थुंकीत यंत्राला जंतू सापडले नाहीत, एवढेच तो कागद सांगतो. हे दोन्ही अर्थ एकच समजून पुष्कळ माणसे खोकत खोकत घरी परततात आणि पूर्वीप्रमाणेच लहान मुलांना कुशीत घेऊन निजतात.

हा प्रश्न आजचा नाही. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू आपणांस सापडल्याचे जाहीर केले, तेव्हापासून तो वैद्यकाच्या पाठीस लागलेला आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत थुंकीला रंग देऊन ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत रूढ झाली. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या की निदान झाले. ही रीत स्वस्त आणि सोपी आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ तिने जगाची सेवा केली. तिचा दोष एकच, की तिला मोठा जमाव लागतो. एका मिलिलिटर थुंकीत सुमारे ५,००० ते १०,००० जंतू असले तरच ते तपासनिसाच्या दृष्टीस पडण्याचा भरवसा. त्याहून कमी असतील तर ते तेथे असूनही दिसत नाहीत, कारण काचपट्टीवर येते ती थुंकी थेंबाहूनही कमी, आणि डोळ्यांखालून जातो तो तिचाही अल्प भाग.

दुसरी रीत जंतू वाढवून पाहण्याची. तिला थोडे जंतू पुरतात, पण क्षयाचा जंतू मोठा आळशी. एकाचे दोन व्हावयास त्याला सुमारे एक दिवस लागतो, इतर अनेक जंतूंना अर्धा तासही पुरतो. त्यामुळे या तपासणीचे उत्तर येण्यास काही आठवडे जातात, आणि तोवर रोग थांबत नाही.

या दोन्ही अडचणींवर तोडगा निघाला तो जंतूच्या शरीराकडे न पाहता त्याच्या आनुवंशिक रेणूकडे, म्हणजे डी.एन.ए.कडे पाहण्याच्या युक्तीने. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये ती कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डी.एन.ए.चा ठरावीक तुकडा नळीत पुनःपुन्हा दुप्पट करावयाचा, असे तिचे सार आहे. शाळेतील मुलालाही हा हिशेब करता येईल. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, असे तीस वेळा झाले की एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. मग तो तुकडा यंत्राला सहज ओळखता येतो. मात्र याच हिशेबाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. शून्य तीस वेळा दुप्पट केले तरी ते शून्यच राहते.

या तत्त्वावरील जीनएक्स्पर्ट हे यंत्र अमेरिकेतील सेफिड या कंपनीने बनविले आणि जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये त्याच्या चाचणीची शिफारस केली. आपल्याकडील सरकारी रुग्णालयांत या तपासणीला ‘सीबीनॅट’ म्हणतात. दोन तासांच्या आत ते उत्तर देते. शिवाय रिफँपिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतील की नाही हेही सांगते. २०१७ मध्ये तिची ‘अल्ट्रा’ नावाची अधिक तिखट आवृत्ती आली. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात असल्यामुळे येथेही या दिशेने प्रयत्न झाले, आणि त्यांतील एकाचा संबंध गोव्याशी आहे. बेंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेत विकसित झालेली ‘ट्रूनॅट’ ही चाचणी गोव्यातील वेर्णे येथील मोलबायो कंपनी बनविते. हे यंत्र आकाराने लहान, विद्युत्घटावर चालणारे, आणि म्हणून वातानुकूलित खोली नसलेल्या लहान आरोग्यकेंद्रातही ठेवता येण्याजोगे आहे. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिलाही मान्यता दिली.

एवढे सूक्ष्म यंत्र हाताशी आल्यावर तपासणीचे उत्तर अचूकच असणार, असे कोणालाही वाटेल. तसे वाटण्यात गैर काही नाही, परंतु यंत्रात काय घडते हे थोडे खोलात पाहिले म्हणजे हा विश्वास कोठपर्यंत ठेवावयाचा ते उमगते.

जीनएक्स्पर्टच्या पद्धतीत थुंकीमध्ये तिच्या दुप्पट औषधी द्रव घालतात, मिश्रण जोराने हलवितात आणि एकंदर पंधरा मिनिटे ठेवतात. त्यामुळे चिकट बेडका पातळ होतो आणि जंतू निर्जीव होतात. मग त्यातील सुमारे २ मिलिलिटर मिश्रण एका प्लॅस्टिकच्या कुपीत भरून ती यंत्रात बसवितात. पुढचे सर्व काम बंद कुपीत होते: गाळणीवर जंतू अडविणे, त्यांना धुणे, ध्वनिलहरींनी फोडणे, बाहेर पडलेले डी.एन.ए. दुप्पट-दुप्पट करणे. ही साखळी कोठे तुटली तर कळावे म्हणून निर्मात्याने कुपीत आधीच निरुपद्रवी जंतूंचे बीजाणू घालून ठेविलेले असतात. रुग्णाच्या थुंकीत क्षयजंतू नसले तरी हे बीजाणू यंत्राला सापडलेच पाहिजेत. न सापडले तर यंत्र “नाहीत” असे न म्हणता “उत्तर अवैध” असे सांगते. ही योजना फार शहाणपणाची आहे.

तथापि या पहारेकऱ्याला एक गोष्ट मुळीच कळत नाही. रसायने चालली की नाही हे तो सांगतो. डबीत आलेला द्रव छातीतून आला की तोंडातून, हे तो सांगू शकत नाही. एखाद्याने निव्वळ लाळ भरून दिली तर बीजाणू व्यवस्थित सापडतील, सर्व अंतर्गत खुणा ठीक येतील, आणि यंत्र निःशंकपणे “क्षयजंतू आढळले नाहीत” असे छापून देईल. यंत्राने काही खोटे सांगितले असे म्हणता येणार नाही. लाळेत जंतू नव्हतेच.

येथे श्रोत्यांनी एक लहानसे गणित करून पाहावे. पहिल्या जीनएक्स्पर्ट चाचणीला एका मिलिलिटरमध्ये सुमारे १३० जंतू असले म्हणजे ते बहुधा सापडतात. अल्ट्राला सुमारे १६ पुरतात. समजा, एका रुग्णाच्या छातीतील खऱ्या बेडक्यात मिलिलिटरमागे ५०० जंतू आहेत. सूक्ष्मदर्शकाला ते दिसण्याची आशा नाही. दोन्ही रेणवीय चाचण्यांना मात्र सापडावयास हरकत नाही. आता त्या रुग्णाने एक भाग बेडका आणि नऊ भाग लाळ असा नमुना दिला. मिलिलिटरमागे ५० जंतू उरले. पहिली चाचणी बहुधा चुकली, अल्ट्रा अजून तरली. लाळ एकोणचाळीस भाग झाली तर आकडा साडेबारावर येतो आणि अल्ट्राचाही भरवसा राहत नाही. रुग्ण तोच, रोग तोच, यंत्रही तेच. बदलले ते फक्त डबीतील प्रमाण. ज्याच्या फुप्फुसात पोकळी पडून कोट्यवधी जंतू बाहेर पडत आहेत, त्याच्या बाबतीत एवढ्या मिसळीने काही बिघडत नाही; तो कोणत्याही रीतीने सापडतोच. बिघडते ते रोगाच्या आरंभी असलेल्यांचे, किंवा एचआयव्हीने ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे अशांचे. फुप्फुसात पोकळी न पडल्यामुळे त्यांच्या थुंकीत जंतू मुळातच थोडे असतात. ज्यांच्यासाठी ही महाग यंत्रे मुख्यतः आणली, नेमके त्यांनाच वाईट नमुन्याचा फटका बसतो.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. जीनएक्स्पर्टची पहिली मोठी परीक्षा लिमा, बाकू, केप टाऊन, डर्बन आणि मुंबई येथे झाली आणि २०१० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत १,७३० व्यक्तींची थुंकी तपासली होती. ज्यांच्या थुंकीत सूक्ष्मदर्शकानेही जंतू दिसत होते, अशांपैकी ९८.२ टक्के रुग्ण एकाच नमुन्याच्या तपासणीत सापडले. परंतु सूक्ष्मदर्शकाला न दिसलेल्या, पण जंतू वाढवून पाहिल्यावर क्षय असल्याचे सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी एका नमुन्यात ७२.५ टक्केच सापडले. दुसरा नमुना तपासल्यावर या आकड्यात १२.६ ची भर पडली, तिसऱ्याने आणखी ५.१ ची, एकूण ९०.२ टक्के झाले. दोन नमुन्यांच्या मध्ये यंत्र काही अधिक हुशार झाले नव्हते. एका वेळच्या थुंकीत जे आले नाही ते दुसऱ्या वेळच्या थुंकीत आले, एवढाच काय तो फरक. जंतू बेडक्यात साखरेसारखे विरघळलेले नसतात. ते झुबक्याझुबक्यांनी असतात, आणि कोणत्या खोकल्यासरशी कोणता झुबका वर येईल याचा नेम नसतो. म्हणून पहिला कागद “नाही” म्हणत असला, पण खोकला, संध्याकाळचा ताप आणि वजनातील घट चालूच असली, तर डॉक्टर पुन्हा नमुना मागतात किंवा छातीचा फोटो काढावयास सांगतात. रुग्णाला हा पैसे उकळण्याचा प्रकार वाटतो. बहुधा तसे नसते.

नमुन्याच्या गुणाने किती फरक पडतो याचा सर्वांत बोलका पुरावा मात्र यंत्राच्या प्रयोगातून मिळालेला नाही. तो मिळाला साध्या सूक्ष्मदर्शकाच्या काळात, पाकिस्तानातील रावळपिंडी येथील क्षयरोग केंद्रात. तेथील पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या केंद्रात एक विचित्र गोष्ट दिसत होती: तपासणीस येणाऱ्या स्त्रियांत रोग सापडण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा कमी. स्त्रियांना क्षय कमी होतो, असे म्हणून कोणीही तो विषय मिटविला असता. संशोधकांनी तसे केले नाही. आलेल्या १,४९४ स्त्रिया आणि १,५६१ पुरुष यांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन-दोन गट पाडले. एका गटाला नेहमीप्रमाणे डबी दिली. दुसऱ्या गटाला डबी देण्यापूर्वी थुंकी म्हणजे काय, ती छातीतून कशी काढावयाची, लाळ का चालत नाही, हे समजावून सांगितले. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते, फक्त काही मिनिटांचे बोलणे नवे होते. परिणाम असा झाला की नुसती डबी मिळालेल्या स्त्रियांपैकी ५८ जणींच्या, म्हणजे ८ टक्क्यांच्या थुंकीत जंतू आढळले. समजावून सांगितलेल्यांपैकी ९५ जणींच्या, म्हणजे १३ टक्क्यांच्या. लाळ भरून देण्याचे प्रमाण घटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा नमुना घेऊन परत येणाऱ्या स्त्रिया वाढल्या. पुरुषांच्या बाबतीत मात्र असा फरक पडला नाही.

दोन्ही गट जवळजवळ सारख्याच संख्येचे होते. तेव्हा नुसती डबी मिळालेल्या गटातही आणखी पस्तीस-चाळीस रोगी स्त्रिया असल्याच पाहिजेत, असे मानणे भाग आहे. त्या दिवशीच्या कागदाने त्यांना “नाही” असे सांगितले होते.

पुरुषांत फरक का पडला नाही, याचे कारण शोधावयास फार दूर जाणे नको. चारचौघांत खाकरून थुंकण्याची पुरुषाला लाज वाटत नाही. स्त्रीला मात्र लहानपणापासून तोंडाला पदर लावून, आवाज न होऊ देता खोकावयास शिकविलेले असते, आणि आलेला बेडका गिळून टाकणे हीच मर्यादा समजली जाते. रावळपिंडी आणि आपली गावे यांत या बाबतीत फारसे अंतर असेल असे वाटत नाही. सासरा ओसरीवर बसलेला असताना मोरीत उभी राहून मोठ्याने खोकणारी सून बेळगावकडे काय, बडोद्याला काय किंवा इंदूरला काय, विरळाच. तिच्या हाती डबी देऊन “यात थुंका” असे पन्नास माणसांच्या रांगेत सांगितले, तर ती तोंडातील चार थेंब लाळ डबीत टाकून मान खाली घालून निघून जाणार. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिला दुसरे काही कोणी सांगितलेलेच नसते.

काय सांगावयास हवे, ते आता पाहू. तोंडातून बाहेर पडणारे सर्व काही थुंकी नव्हे. जिभेखालची लाळ पातळ, पाण्यासारखी आणि फेसाळ असते. नाकातून घशात उतरलेला शेंबूड चिकट असतो, तो नुसते घसा खाकरल्याने सुटतो. तपासणीला हवा असतो तो छातीच्या तळातून खोकून वर आलेला बेडका: घट्ट, चिकट, बहुधा पिवळसर किंवा हिरवट, कधी रक्ताची रेघ असलेला. त्याचे प्रमाण २ ते ५ मिलिलिटर, म्हणजे चहाच्या लहान चमच्याने जेमतेम अर्धा ते एक चमचा असावे. सकाळी उठल्याबरोबरचा नमुना उत्तम, कारण रात्रभर आडवे पडल्याने छातीत बेडका साठलेला असतो. प्रथम साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी, म्हणजे अन्नाचे कण, पान, तंबाखू निघून जातील. मग दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा, प्रत्येक वेळी तो क्षणभर छातीत धरावा, आणि शेवटच्या श्वासानंतर पोटावर जोर देऊन खोकावे. वर आलेला बेडका तोंडात न घोळविता सरळ डबीत टाकावा. एका खोकल्यात पुरेसा आला नाही तर पुन्हा तसेच करावे. हे काम अंगणात, गच्चीवर किंवा मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर करावे. बंद मोरीत किंवा संडासात करू नये, कारण त्या कोंडलेल्या हवेत जंतू तरंगत राहतात आणि पाठोपाठ येणाऱ्याच्या श्वासात जातात.

डबी रुंद तोंडाची, पारदर्शक आणि फिरकीच्या झाकणाची असते. तिच्यावर नाव लिहावयाचे ते डबीच्या अंगावर, झाकणावर नव्हे. दहा डब्या उघडल्या की दहा झाकणे एकत्र होतात, आणि एकीचे नाव दुसरीच्या थुंकीला लागते. रुग्णालयांतील कामाच्या घाईत ही चूक वाटते तितकी दुर्मिळ नाही, आणि ती उघडकीस आणणारे यंत्र अद्याप कोणी बनविलेले नाही.

डबी भरली म्हणजे तिचा प्रवास सुरू होतो. उपकेंद्रापासून यंत्रापर्यंत पन्नास कोस नसले तरी मध्ये एक रविवार येतोच. जीनएक्स्पर्टच्या चाचणीसाठी थुंकी ३५ अंश सेंटिग्रेडच्या आत तीन दिवसांपर्यंत ठेवता येते. शीतकपाटात त्याहून काही दिवस अधिक टिकते. ३५ अंश हा आकडा ऐकावयास उदार वाटतो. ग्वाल्हेरला मे महिन्यात दुपारी ४४-४५ अंश होतात, आणि मोटारीच्या पुढच्या काचेशी ठेवलेली पिशवी त्याहूनही तापते. रेणवीय तपासणीला जंतू जिवंत असावा लागत नाही; तरी त्याचे डी.एन.ए. शाबूत असावे लागते. उष्णतेत थुंकीतील इतर जंतू माजतात आणि नमुना सडू लागतो. त्याच थुंकीतून जंतू वाढवून पाहावयाचे असतील तर नुकसान आणखी मोठे, कारण तेथे जंतू जिवंतच हवा. म्हणून बर्फाच्या पेटीचा आग्रह धरतात, आणि तो रास्त आहे.

प्रयोगशाळेत पोहोचल्यावर आणखी दोन शत्रू वाट पाहत असतात. एक अन्नाचे कण; ते कुपीच्या बारीक वाटा अडवितात, म्हणून असे नमुने वापरू नयेत असे निर्मातेच सांगतात. दुसरे रक्त. रेघभर रक्ताने काही होत नाही, पण थुंकी रक्ताने भरलेली असली तर रक्तातील लाल द्रव्य दुप्पट होण्याच्या क्रियेलाच अडथळा करते. असे झाले तर बीजाणूंचा पहारेकरी ओरडतो आणि उत्तर “अवैध” येते. रुग्णाने त्याचा अर्थ “नाही” असा करू नये. अवैध म्हणजे परीक्षा झालीच नाही. नवा नमुना देणे हाच त्यावर उपाय.

आता नाण्याची दुसरी बाजू. जंतू “आढळले” हे वाक्यही प्रत्येक वेळी सरळ नसते. यंत्र जिवंत-मृत असा भेद करीत नाही. ज्याने पूर्वी क्षयाचे पूर्ण औषध घेतले आहे, त्याच्या छातीतून मेलेल्या जंतूंचे अवशेष कित्येक महिने, क्वचित काही वर्षेही येत राहतात, आणि अल्ट्रासारखी तिखट चाचणी ते टिपते. याच कारणाने उपचार लागू पडत आहेत की नाहीत हे पाहण्यास ही चाचणी वापरीत नाहीत. तेथे जुना सूक्ष्मदर्शक आणि जंतू वाढविण्याची रीत यांनाच काम आहे. रिफँपिसिनच्या बाबतीतही एक खोच आहे. नमुन्यात जंतू “अत्यल्प” असतील तर जीनएक्स्पर्ट कधी कधी औषधाला दाद न देणारे जंतू असल्याचे चुकीने सांगते. त्याचा परिणाम लहान नाही. रुग्णाला साध्या सहा महिन्यांच्या औषधांऐवजी अधिक कडक औषधांवर टाकले जाते. म्हणून “अत्यल्प” जंतू आणि त्यावर “रिफँपिसिनला विरोध” असे उत्तर आले, आणि रुग्णाने पूर्वी क्षयाचे औषध घेतलेले नसले किंवा तशा रुग्णाचा सहवास नसला, तर नवा आणि अधिक चांगला नमुना घेऊन पुन्हा तपासणी करणे हेच योग्य ठरते. जंतू कमी असण्याचे कारण रोग सौम्य असणे हे असू शकते, तसेच डबीत लाळ अधिक असणे हेही.

हे सर्व ऐकून काही प्रयोगशाळा लाळेसारखा दिसणारा प्रत्येक नमुना परत पाठवू लागतील, तर तेही बरोबर होणार नाही. डोळ्यांना पातळ दिसणाऱ्या नमुन्यातही यंत्राला कित्येकदा जंतू सापडतात, आणि सापडले तर ते उत्तर पूर्ण ग्राह्य आहे. दूर खेड्यातून आलेल्या बाईला “हे चालत नाही, उद्या या” असे सांगितले की ती पुष्कळदा येतच नाही. तेव्हा आहे तो नमुना घ्यावा, शक्य असल्यास तेथल्या तेथेच नीट समजावून दुसरा मागावा, आणि कागदावर “नमुना लाळेसारखा” अशी नोंद करावी. ही चार अक्षरांची नोंद डॉक्टरच्या दृष्टीने फार मोलाची असते. तशा नमुन्यातील “आहे” वर तो विसंबतो. “नाही” वर विसंबत नाही.

उरतात ती ज्यांना बेडका काढताच येत नाही अशी माणसे. मोठ्या माणसांना खारट पाण्याची वाफ हुंगवून छातीतील बेडका सैल करता येतो. हे काम रुग्णालयातच, खेळती हवा असलेल्या जागी व्हावयास पाहिजे. लहान मुलांची गोष्ट निराळी. पाच-सहा वर्षांपर्यंतचे मूल बेडका थुंकत नाही, गिळते. म्हणून पूर्वीपासून सकाळी उपाशीपोटी त्याच्या नाकातून नळी घालून जठरातील द्रव काढण्याची रीत आहे. ती मुलाला त्रासाची आणि आईला पाहवत नाही अशी. गिळलेला बेडका पुढे आतड्यातून जातो आणि जंतूचे डी.एन.ए. त्या प्रवासातही बऱ्याच अंशी टिकून राहते, हे लक्षात आल्यावर मुलाचे शौच या यंत्रात तपासून पाहण्यात आले. ते उपयोगी ठरल्याने जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. ज्या औषधी द्रवात थुंकी मिसळतात त्याच्याच बाटलीत थोडे शौच टाकून, हलवून, काही वेळ ठेवून वरचा द्रव कुपीत भरण्याची रीतही आता निघाली आहे. थुंकी मिळाली तर तिची सर याला नाही. परंतु नळी घालावी लागत नसल्यामुळे आई मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन येते, आणि दुसरा नमुना मिळतो.